काहीबी चालणारे तात्या

तात्यांना जेवायला काहीबी चालतं. हे ते स्वतःच सांगतात, आणि पाहुणा समोर असला की जरा मोठ्यानं सांगतात. “आपलं काय नाय बघा. ताटात पडंल ते देवाचं मनून खायचं.” त्याच वेळी आतून काकूंच्या भांड्यांचा आवाज एकदम वाढतो. पाहुण्याला वाटतं, चहा होतोय.

तात्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले. तोवर दुपारचं जेवण डब्यातून जायचं. डब्याला तोंड नसतं आणि तात्यांचं तोंड शाळेत असायचं, त्यामुळं संसार सुखाचा चालला. निवृत्तीनंतर मात्र दोघं एकाच वेळी एकाच घरात आली आणि रोज सकाळी नऊच्या सुमाराला तो सवाल-जवाब सुरू झाला.

“अहो, काय करू?”

“काहीबी कर.”

ह्या ‘काहीबी’तून काय काय वजा करायचं, ते कळायला काकूंचं निम्मं आयुष्य गेलं. शेपूला वास येतो. दोडका आजाऱ्याला द्यायचा. कोबी ही पुण्याच्या लोकांची भाजी. पनीर हॉटेलात ठीक, घरात कशाला? भेंडी चालते, पण तिला तार सुटता कामा नये. मेथी चालते, पण काल झाली. परवा झाली असली तरी ती कालच झाली. वांग्याचं प्रकरण तर थेट देवापर्यंत जातं. घरचं दैवत अणदूर-नळदुर्गचा खंडोबा. तिथं देवळं दोन आणि मूर्ती एक, त्यामुळं देव ठरल्या वेळी एका गावाहून दुसऱ्या गावी मुक्कामाला जातो. तात्यांचं वांग्याबाबतचं मत मात्र तसूभर हलत नाही. चातुर्मासात वांगं वर्ज्य. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला की वांगं सुटतं, आणि मग भरलं वांगं, वांग्याचं भरीत, वांगं-बटाटा असं रोज चालतं. आठवडाभरानं तात्याच विचारतात, “किती दिवस वांगंच खाऊ घालूलालीस?”

मटणाचंही तसंच. ज्या शेळीच्या मटणाचं नाव राज्यभर घेतात, ती उस्मानाबादी शेळी ह्याच मातीतली. (जिल्ह्याचं नाव 2023 साली कागदोपत्री धाराशिव झालं, शेळीला अजून कुणी कळवलेलं दिसत नाही.) पण अशा मुलखात राहूनही तात्यांच्या घरात रस्सा उकळणं सोपं नाही. सोमवार महादेवाचा. मंगळवार तुळजाभवानीचा, आणि तुळजापूर इतकं जवळ की खाल्लं तर देवीला कळणारच. गुरुवार दत्ताचा, शुक्रवार काकूंच्या उपासाचा, शनिवार मारुतीचा. राहिले बुधवार आणि रविवार. त्यातही एखादी एकादशी नेमकी रविवार गाठून येते, तेव्हा तात्या दिवसभर पंचांगवाल्याचा उद्धार करतात.

एक गोष्ट मात्र वादातीत आहे, ती म्हणजे भाकरी. ज्वारीचीच, तीही मालदांडीची, आणि तव्यावरून थेट ताटात आलेली. काकू गरम पाण्यात पीठ मळतात, परातीत थापतात, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवतात, उलटतात आणि मग जाळावर धरून फुगवतात. भाकरी ताटात पडली की तात्या दोन बोटांनी पापुद्रा अलगद उचलतात. त्या पोकळीत शेंगदाण्याची चटणी आणि चटणीवर कच्च्या करडीच्या तेलाची धार. पापुद्रा परत मिटतात, क्षणभर थांबतात, मग घास मोडतात. तो घास तोंडात असताना घरात कुणी बोलायचं नाही. “गरिबाचं जेवण,” ते नंतर म्हणतात. ह्या गरिबाच्या जेवणासाठी काकू भर उन्हाळ्यात जाळापुढं उभ्या असतात, कारण दुसरी भाकरी पहिली संपायच्या आत आली तर निवते आणि संपल्यावर आली तर उशीर होतो. 2023 हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून जाहीर केलं, तेव्हा तात्यांनी पेपर काकूंसमोर धरला. “बघ, जगाला आत्ता कळूलालंय.” काकू म्हणाल्या, “जगाला भाकरी कोण थापून देणारे?”

काकू भांडत नाहीत. भांडून स्वयंपाक होत नसतो, हे त्यांना फार लवकर कळलं. त्यांनी एक रीत बसवली आहे आणि ती मी कितीतरी वेळा डोळ्यांनी पाहिली आहे. तात्या ‘काहीबी’ म्हणाले की काकू दारात उभ्या राहून तीन नावं घेतात.

“शेपू करू?”

“शेपू नको.”

“मग दोडका?”

“मी काय दवाखान्यात हाय का?”

“मग चकोल्या टाकू?”

तात्या चष्मा काढतात. “आता कसं! एवढं सुचायला इतका वेळ लागतो व्हय तुला?”

काकू ‘बरं’ म्हणून आत जातात. आत तुरीचं वरण कधीच शिजलेलं असतं आणि कणीक मळून झाकून ठेवलेली असते. शेपू घरात नसतोच. दोडका तर काकूंनी कित्येक वर्षांत विकत घेतलेला नाही. तो फक्त नाकारण्यासाठी ठेवलेला आहे. फोडणीत लसूण आणि काळा मसाला पडला, चकोल्या रटरटायला लागल्या की तात्या शेजाऱ्याला सांगतात, “घरात लक्ष घालावं लागतं. नाहीतर ह्या बायका दोडका करतात.”

रोजच्या जेवणात तात्यांना काहीबी चालतं, पण माणसं जमणार म्हटलं की हेच तात्या एकदम मुख्याध्यापक होतात. कोरा कागद घेऊन पट्टीनं रेघा मारतात. डाव्या बाजूला पदार्थ, उजव्या बाजूला प्रमाण, खाली सही आणि तारीख. अशा कागदांच्या पाठीवर काकू दुधाचा हिशोब लिहितात. जेवणावळीवरचा त्यांचा अधिकार गावानंही मानलेला आहे. जानेवारी 2020 मध्ये इथं, तेव्हाच्या उस्मानाबादेत, त्र्याण्णवावं साहित्य संमेलन झालं, अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो. तात्या तिन्ही दिवस हजर होते. संमेलनाबद्दल विचारलं, तर ते भोजन मंडपापासून सुरुवात करतात आणि व्यासपीठापर्यंत पोचायच्या आत ऐकणारा उठून जातो.

खरी कसोटी येळवसेला. मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला अर्धं शहर शेतात असतं, दुकानं बंद आणि रस्ते ओस. शेतात कडब्याची कोप उभी करायची, चुन्यानं रंगवलेले पांडव मांडायचे, पूजा करायची आणि मग पंगत. येळवसेचा स्वयंपाक म्हणजे भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, धपाटे, शेंगाची पोळी. इथली भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत, हे बाहेरगावच्या जावयांना दर वर्षी नव्यानं सांगावं लागतं. ओला हरभरा, तुरीचे दाणे, वाटाणा, शेंगदाणे, चाकवत, मेथी, गाजर, हाताला लागेल ते सगळं बेसनात शिजवलेलं असतं. तात्यांच्या कागदावर ह्यातली प्रत्येक भाजी नावानिशी असते. नसतो तो एवढाच तपशील, की हे सगळं निवडणार, सोलणार, चिरणार कोण.

आमंत्रणं तात्या तोंडी देतात. “शेताला या,” हे बँकेच्या वॉचमनला, रक्तदाब तपासणाऱ्या डॉक्टरला आणि तिकिटाचे सुटे पैसे परत देणाऱ्या कंडक्टरलाही. घरी येऊन सांगतात, “वीसेक माणूस होईल.” काकू चाळिसाचं पीठ दळून आणतात. मग आदल्या रात्रीपासून जाग. पहाटे सगळ्या बायका चुलीपुढं, आणि तात्या स्वेटर घालून, मफलर गुंडाळून अधूनमधून येतात. “मीठ बघतो.” आंबिलीचं मीठ बघताना वाटी दोनदा भरावी लागते, कारण पहिल्या वाटीत नीट कळत नाही. शेतात पोचल्यावर वाढायला लेकी-सुना, आणि पंगतीत फिरून “लाजू नका, घरचंच हाय” म्हणायला तात्या. कुणी भज्जीची तारीफ केली की मान डोलावतात. “चाकवत जास्ती घाल मनून मी कालच सांगितलं होतं.” काकू तेव्हा शेवटच्या पंगतीची वाट बघत बांधावर टेकलेल्या असतात. त्यांना ऐकू जातं. त्या वाटाण्याची शेंग सोलून तोंडात टाकतात.

गेल्या हिवाळ्यात लेकीच्या बाळंतपणाला काकू महिनाभर पुण्याला गेल्या. घरात तात्या, मुलगा आणि नवी सून. पहिल्याच सकाळी सुनेनं विचारलं, “तात्या, काय करू?” तात्या म्हणाले, “काहीबी कर.” सून शिकलेली, शब्दाला शब्द धरणारी. तिनं दोडका केला.

तात्यांनी तो खाल्ला. सासऱ्यानं सुनेला पहिल्याच दिवशी बोलायचं नसतं, एवढी रीत त्यांना ठाऊक होती. दुसऱ्या दिवशी कोबी झाला. तिसऱ्या दिवशी ‘काय करू’ ऐकल्यावर तात्या उठून गॅलरीत गेले आणि त्यांनी पुण्याला फोन लावला. आवाज बारीक करून म्हणाले, “अगं, मला काय खायचंय?”

काकूंनी पलीकडून शेपूचं नाव घेतलं. तात्या नाही म्हणाले. दोडक्याचं घेतलं. तात्यांनी कळवळून नाही म्हटलं. तिसरं नाव यायच्या आत स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली.

“ही कसली शिट्टी?” काकूंनी विचारलं.

“कुणास ठाऊक. सून काहीतरी करूलालीय.”

“वरण असेल,” काकू म्हणाल्या. “सकाळीच फोन केला होता मी तिला. बरं, चकोल्या सांगू का?”