चाहत्यांचा विरस कसा करावा

कथाप्रधान गेमच्या पुढच्या भागातून चाहत्यांचा नुसता हिरमोड करायचा, तर रद्दी गेमही पुरतो. उत्तम गेम बनवून शेवटच्या दहा मिनिटांत केल्यासवरल्यावर पाणी ओतायचे, तर मात्र तयारी पहिल्या भागापासून हवी. कॅनडातल्या बायोवेअरची 'मास इफेक्ट' मालिका हा यातला वस्तुपाठ. 2007 च्या पहिल्या भागापासून खेळाडूचे निर्णय सेव्ह फाइलमधून पुढे न्यावेत. रॅक्नाय या कीटकवंशाची शेवटची राणी जगवावी की मारावी, हे ठरवताना त्याला घाम फुटला पाहिजे. मग 2012 च्या तिसऱ्या भागात, मारली असली तरी, शत्रूने घडवलेली दुसरी राणी त्याच जागी आणून बसवावी. अँडरसन या पात्राला आकाशगंगेच्या परिषदेवर कौन्सिलर नेमले असेल, तर मधल्या काळात त्याचा राजीनामा घेऊन खुर्ची उडिना या दुसऱ्या पात्राला द्यावी; खेळाडूला काय विचारायचे! अखेरीस लहान मुलाच्या रूपातली यंत्रबुद्धी अवतरवून तीन पर्याय ठेवावेत. स्फोट लाल, निळा किंवा हिरवा. बाकी तेच अंतराळप्रवासाचे रिले फुटणार, तेच खेळाडूचे नॉर्मंडी यान पळत सुटणार. चिडलेल्या चाहत्यांनी कंपनीला या तीन रंगांचे कपकेक पाठवले. चव सगळ्यांची एकच.

टीका झालीच तर म्हणावे, पोरांना गोड शेवट हवा होता. फक्त मॉर्डिनचे नाव निघू देऊ नये. तिसऱ्या भागात टुचांका ग्रहावर हा शास्त्रज्ञ मरतो आणि चाहते त्या प्रसंगाची आजही तारीफ करतात. कारण त्याचे मरण खेळाडूच्या हिशेबातून येते: पहिल्या भागात रेक्स हा साथीदार मेला असेल आणि दुसऱ्यात रोगावरच्या उपायाच्या संशोधनाची माहिती नष्ट केली असेल, तर मॉर्डिनचे मन वळवून त्याला वाचवताही येते. दुःख चालते, खाडाखोड चालत नाही. इतक्या शक्यतांचे शेवट बनवणे परवडत नाही, हा बचाव जास्त वजनदार आहे, आणि तो खराही असेल. पण मग प्रकाशनाआधी दिग्दर्शक केसी हडसन यांनी अ, ब, क असे मोजता येणारे शेवट नसतील, असे सांगायला नको होते. शिवाय जून 2012 मध्ये कंपनीनेच फुकट पुरवणी काढली आणि निर्णयांचे परिणाम स्थिरचित्रे व निवेदनातून दाखवले. म्हणजे काम तेवढ्यात भागत होते. त्याच पुरवणीत तिन्ही पर्याय नाकारण्याची सोयही केली. ती वापरली की शत्रू जिंकतो आणि सगळे मरतात.