अल्बम काढण्याआधी पब्लिकला विचारण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

नागापुरात व्हिडिओ अल्बम काढायचा तर ड्रोन, फायनान्सर आणि फायनान्सरचा भाचा एवढी सामग्री पुरते. गाणं काय, कुठेही मिळतं. (अल्बम म्हणजे एकच गाणं, हे जुन्या वाचकांनी ध्यानात घ्यावं. दहा गाण्यांच्या कॅसेटला अल्बम म्हणायचे दिवस गेले. आता साडेतीन मिनिटांत एन्ट्री, प्रेम, विरह आणि सौजन्य सगळं उरकतं.) राहतो तो प्रेक्षक. त्याला आधी कुणी काही विचारत नाही आणि व्हिडिओ पडला की ‘पब्लिकला कळत नाही’ म्हणून खापर मात्र त्याच्याच डोक्यावर. हा अन्याय थांबावा, थांबत नसेल तर निदान शास्त्रशुद्ध पद्धतीने व्हावा, यासाठी हे मार्गदर्शन.

पहिली पायरी फायनान्सरची. ‘प्रेक्षक संशोधन’ म्हटलं की शेठ आधी खर्च विचारतात. तेव्हा लगेच नागराज मंजुळे यांचं नाव घ्यावं. ते आपल्या नगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात संज्ञापन शिकले, शिकता शिकता केलेल्या ‘पिस्तुल्या’ला 58 व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत पदार्पणाच्या दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला आणि 2016 मध्ये ‘सैराट’ आला. एवढं ऐकून शेठ सरळ बसतात. श्रीगोंदा तालुक्यातल्या भाऊराव कऱ्हाडे यांचंही नाव घेता येईल. पण ‘ख्वाडा’साठी त्यांनी जमीन विकली, हा तपशील शेठसमोर काढू नये.

दुसरी पायरी बजेटअभावी रद्द झाली आहे.

आता प्रेक्षक कोण ते ठरवायचं. पुस्तकात वयोगट असतात, 15 ते 18, 18 ते 25 वगैरे. नागापुरात हे चालत नाही, कारण 18 ते 25 या गटात सगळेच घुसतात, शेठसुद्धा. इथे माणसं पाळीनं मोजावीत. मनमाड रस्त्याला एमआयडीसी आहे तोवर आपलं घड्याळ कंपनीच्या गेटवर टांगलेलं आहे. पहिल्या पाळीचा माणूस संध्याकाळी घरात, आईसमोर, आवाज बारीक करून मोबाईल बघतो. दुसऱ्या पाळीचा मध्यरात्री खोलीवर येतो, शेजारी पार्टनर घोरत असतो, म्हणून कानात हेडफोन. तिसऱ्या पाळीचा सकाळी डबा हलवत येतो. त्याला गाणं नकोच असतं, त्याला शेजारच्यानं गाणं बंद करायला हवं असतं. म्हणजे एकाच गाण्याचे तीन प्रेक्षक, त्यांतला एक विरोधी पक्षात. शिवाय मोबाईलच्या इवल्याशा स्पीकरला ढोलाचा खालचा दणका काढताच येत नाही, वरची टकटक तेवढी ऐकू येते. स्टुडिओत मोठ्या स्पीकरवर छाती हादरली म्हणून जे शेठ उठून नाचले, त्यांना हे सांगण्याची जबाबदारी कॅमेरामनकडे द्यावी.

बोल्हेगावातल्या भाड्याच्या खोल्यांत मराठवाड्याची माणसं आहेत, उत्तरेकडची आहेत. त्यांच्या मोबाईलवर काय वाजतं ते विचारायला गेलं, तर अल्बम मराठीत काढावा की भोजपुरीत असा प्रश्न उभा राहतो. तो बसवून ठेवावा.

मग नमुना निवड. यात जगप्रसिद्ध घोटाळा झालेला आहे, तो प्रत्येक संशोधकाला तोंडपाठ हवा. 1936 साली अमेरिकेतल्या ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकानं सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका धाडल्या. वीस लाखांहून जास्त परत आल्या. त्यावरून त्यांनी छापलं की लँडन अध्यक्ष होणार. झाले रूझवेल्ट, आणि लँडन यांच्या पदरात 48 पैकी 2 राज्यं पडली. पत्ते मुख्यतः टेलिफोनच्या आणि मोटारनोंदणीच्या याद्यांतून उचलले होते. मंदीच्या त्या दिवसांत दारात मोटार असलेला माणूस रूझवेल्टवर नाराजच असायचा. त्यात उत्तर पाठवायची तसदीही नाराज माणूसच जास्त घेतो. जॉर्ज गॅलप यांनी त्याहून कितीतरी लहान नमुन्यावर निकाल बरोबर सांगितला. आपण डायजेस्टची चूक करायची नाही. आपल्या नमुन्यात मोटारवाले नकोत, नाराज तर नकोतच. टपरीवर बसलेले आपलेच आठ-दहा मित्र घ्यावेत, ज्यांना मागच्या रांगेत नाचवायचा शब्द आधीच दिलेला आहे. हा नमुना कधीही दगा देत नाही.

प्रश्नावली एका पानात बसवावी, झेरॉक्स पाठपोट काढू नये, कारण मागची बाजू कुणी उलटत नाही. पहिला प्रश्न असा असावा: ‘आपल्याच भागातील होतकरू तरुणांनी मोठ्या कष्टाने बनवलेला दर्जेदार व्हिडिओ आपल्याला आवडेल का?’ पर्याय: हो, खूप, खूपच. यात ‘नाही’ छापायचं राहून गेलं तरी बिघडत नाही. आपल्याकडे तोंडावर नाही म्हणायची पद्धत नाही. ‘करा करा’, ‘एक नंबर’, ‘बघू की निवांत’ ही सगळी उत्तरं माणूस चपला घालता घालता देतो, तेव्हा त्याच्या तोंडाऐवजी पायांकडे बघावं. गुगल फॉर्म हा दुसरा मार्ग. तो ग्रुपवर टाकला की तेवीस जण अंगठा दाखवतात, दोघे ‘डन भाऊ’ म्हणतात, एक जण गुड मॉर्निंगचं गुलाब टाकतो. फॉर्म कुणीच भरत नाही.

तरीही कधी अपघात होतो. प्रश्न छापलेला असतो: नायक कशावरून येतो? बुलेट, थार की घोडा. एखादा पठ्ठ्या तिन्ही पर्याय खोडतो आणि समासात बॉलपेननं लिहितो, ‘ट्रॅक्टर’. त्याखाली आणखी बारीक अक्षरात: ‘हप्ते चालू आहेत असा दाखवा.’ असा कागद हाती आला की संशोधकानं सावध व्हावं. सगळ्या गठ्ठ्यात खरं बोललेलं वाक्य एवढंच असतं. या वाक्यावर सबंध व्हिडिओ उभा राहू शकतो: बँकेच्या दारात सुरू होणारा, उसाच्या बिलाच्या तारखेवर संपणारा, मधे एक मुलगी असलीच तर असलेला. पण आलेखात त्याला रकाना नाही, आणि थारचं एका दिवसाचं भाडं आधीच देऊन झालेलं आहे. सबब त्याची नोंद ‘इतर’मध्ये करावी.

प्रश्नावलीनं समाधान झालं नाही तर गटचर्चा घ्यावी. ही युक्ती 1941 च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये लाझार्सफेल्ड आणि मर्टन या समाजशास्त्रज्ञांनी पुढे आणली. ते रेडिओचा कार्यक्रम लावून लोकांना बसवायचे. आवडलं की हिरवं बटण, नावडलं की लाल, आणि मग का दाबलं ते एकेकाला विचारायचं. आपल्याकडे बटणांची गरज नाही. कटिंग चहा द्यावा आणि कडव्याच्या कितव्या ओळीला नजर रस्त्यावरच्या कंटेनरकडे जाते ते टिपावं. अडचण एकच, प्रत्येक टपरीवर एक आण्णा असतात. आण्णांनी 1990 साली पुण्यात शूटिंग पाहिलेलं असतं. ते बोलायला लागले की बाकीचे मान डोलवतात, आणि गटाचं मत म्हणून आण्णांचं मत अहवालात जातं. उपाय सोपा आहे: आण्णांना व्हिडिओत सरपंच करावं.

गटात मुलींना बोलावू नये. गाणं मुलीवर आहे हे खरं, पण म्हणूनच. त्यांना विचारलं तर उत्तर येण्याची शक्यता असते. ‘पाठीमागं गाडी घालणाऱ्याला ती हसतीच कशी? आम्ही तर रस्ता बदलतो.’ ‘कॉलेजला चाललीय ना, मग सॅक कुठंय?’ आणि सगळ्यांत वाईट: ‘भर उन्हात असा बिनबाह्यांचा ब्लाउज घालून उसात कोण उभं राहतं, दादा? पातं कापतं.’ पातं कापतं हे नागापुरात प्रत्येकाला ठाऊक आहे. उसाच्या पानाच्या कडेला बारीक काटेरी दात असतात, उघड्या हाताला तिरप्या लाल रेघा उठतात, घाम लागला की त्या चुरचुरतात. ऊस तोडणाऱ्या बाया साडीवर नवऱ्याचा फुल बाह्यांचा शर्ट चढवतात तो उगाच नाही. तरी आपल्या प्रत्येक अल्बममध्ये नायिका उसातच असते. एवढी एक ओळ ऐकून घेतली असती तर निदान तिला मेकअपमनकडून हातांना क्रीम लावून घ्यावं लागलं नसतं.

निरीक्षण पद्धतीबद्दल थोडक्यात. कुणाच्याही हळदीला जावं, जनरेटरशेजारी उभं राहावं आणि कोणत्या ठेक्याला कोण खुर्ची सोडतं ते लिहावं. नवरदेवाचे दाजी उठले तर गाणं चांगलं. आजी उठल्या तर गाणं वर्षभर चालणार. वही मात्र खिशात ठेवावी. हळदीत वही दिसली की लोक आहेर लिहायला येतात.

हे सगळं परदेशी शास्त्र आहे असं कुणी म्हणेल. त्यानं आपल्याच जिल्ह्याचा इतिहास पाहावा. संगमनेरच्या कांताबाई सातारकरांनी उभी हयात तमाशाच्या बोर्डावर काढली. तिथे प्रेक्षकाचं मत तीन महिन्यांनी अहवालातून येत नाही, शिट्टी, फेटा आणि दौलतजादा यांतून जागच्या जागी येतं, नाही आवडलं तर त्याहून लवकर. नारायणगावला पाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे यात्रा कमिटीवाले येऊन सुपारी ठरवतात. मागल्या वर्षी पब्लिक कितीला उठून गेलं, हे प्रत्येक कमिटीच्या लक्षात असतं. याहून मोठं बाजार संशोधन कुठल्या कंपनीनं केलं आहे?

आणि संगमनेरचेच शाहीर अनंत फंदी. तमाशात नाव कमावलेला हा माणूस अहिल्यादेवी होळकरांच्या एका बोलण्यावरून तमाशा सोडून कीर्तनाकडे वळला, असं सांगतात. नमुना 1, प्रश्नावली नाही, गटचर्चा नाही, आणि कलावंताची सबंध दिशा बदलली. अहिल्यादेवींचा जन्म 1725 चा, जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा. 2024 पासून आख्खा जिल्हा त्यांच्या नावानं ओळखला जातो. रसिकाच्या अभिप्रायाला याहून मोठा मान मिळाल्याचं निदान मला तरी ठाऊक नाही. (नागापूरकर अजून ‘नगरला चाललो’ असंच म्हणतो. प्रश्नावलीत पत्त्याचा रकाना त्यामुळे मोठा ठेवावा.)

दुय्यम संशोधनासाठी, म्हणजे दुसऱ्यांचं काय चाललं ते बघण्यासाठी, अरणगावपर्यंत गेलं तरी पुरे. तिथल्या मेहेराबादच्या मेहेरबाबांनी 10 जुलै 1925 ला मौन धरलं, ते 31 जानेवारी 1969 ला देह ठेवेपर्यंत सोडलं नाही. त्यांचं एक इंग्रजी वचन भित्तिपत्रकांवर छापून जगभर गेलं, बॉबी मॅकफेरिनच्या नजरेस पडलं आणि 1988 मध्ये ‘डोन्ट वरी, बी हॅपी’ हे गाणं आलं. एकही वाद्य नाही, सगळे आवाज गायकाचे स्वतःचे. व्हिडिओत त्याच्याबरोबर रॉबिन विल्यम्स नुसता वेडेचाळे करतो. गाणं अमेरिकेत पहिल्या नंबरला गेलं, पुढल्या वर्षी ग्रॅमी मिळालं. साडेत्रेचाळीस वर्षं न बोललेल्या माणसाचे शब्द, वाद्यांचा खर्च शून्य, ड्रोन नाही, भाचा नाही. यातला वाद्यांचा भाग शेठना तेवढा लगेच पटतो.

स्थळनिवडीत मत विचारलं की नमुन्यातले सगळे एकमुखानं ‘चांदबिबी महाल’ म्हणतात. डोंगरावरचा तो अष्टकोनी तीन मजली वाडा दिसतो झकासच. पण तो ना चांदबिबीचा, ना महाल. ती निजामशाहीतला मंत्री सलाबतखान याची कबर आहे. आपलं प्रेमगीत, नायक-नायिका कमानीत, खाली सलाबतखान. शिवाय वास्तू पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, शूटिंगला रीतसर परवानगी लागते. म्हणून बरेच जण शेवटी सीना नदीच्या पुलावर येतात. तिथे परवानगी विचारायला कुणी नसतं आणि पाण्याच्या रंगाबद्दल एडिटिंगमध्ये बघता येतं.

व्हिडिओ आला की यूट्यूब आपणहून एक आलेख देतं. प्रेक्षक कोणत्या सेकंदाला टिकला, कोणत्या सेकंदाला सटकला, सगळं त्यात. या आलेखाला तोंडावर गोड बोलता येत नाही. गाडीचं दार उघडतं, बूट दिसतो, मग स्लो मोशनमध्ये भाचा, मग ‘सौजन्य’ म्हणून शेठचा हात जोडलेला फोटो; तोवर रेघ नगरच्या घाटातून उतरावी तशी खाली आलेली असते. नायिका येते तेव्हा बघायला टपरीवरचा नमुनाच उरलेला असतो. हा आलेख अहवालाला जोडायचा असल्यास कागद आडवा धरून जोडावा.

अहवालाचं शेवटचं पान सगळ्यात आधी लिहावं, शेठ तेच पहिल्यांदा उघडतात. त्यावर ‘भाच्याला परिसरातील सर्व पाळ्यांमधून प्रचंड पसंती’ असं ठळक टाइपात घ्यावं. ट्रॅक्टरवाला कागद मात्र फाईलमध्ये न लावता घरी घेऊन जावा. पुढचा अल्बम स्वतःच्या पैशानं काढायची वेळ आली तर कामाला येईल.

ज्यांनी अजून प्रश्नावल्या भरून दिलेल्या नाहीत त्यांनी त्या टपरीवर जमा कराव्यात. नाही भरल्या तरी चालतील, पण सोबत दिलेली पेनं कृपया परत करा. ती शेठच्या पेढीवरून आणलेली आहेत, आणि तिथे मोजून देतात.