शेवटचा दौरा, भाग दुसरा

निघताना ‘जातो’ म्हणू नये, ‘येतो’ म्हणावं, असं आपल्या आज्यांनी शिकवलं. मराठी घरांत हा संस्कार किती उरलाय, देव जाणे. रॉक बँडवाल्यांनी मात्र तो तंतोतंत पाळलाय.

‘द हू’ या इंग्लिश बँडने निरोपाचा दौरा काढला १९८२ मध्ये. पुन्हा निरोपाचा दौरा काढला २०२५ मध्ये. मधल्या त्रेचाळीस वर्षांत काय केलं?

दौरे.

‘ईगल्स’ त्यातल्या त्यात प्रामाणिक. २००४ मध्ये मेलबर्नला गात होते, तेव्हा दौऱ्याचं नावच होतं ‘फेअरवेल वन’. एक! म्हणजे दोनची सोय आधीच लावून ठेवलेली. २०२३ मध्ये निघाले तेव्हा नाव होतं ‘द लाँग गुडबाय’. चपला घालून झाल्यावर दारात उभं राहून तासभर बोलणारे पाहुणे आठवतात ना? तेच हे. फक्त इथं चहा आपण पाजायचा आणि तिकीटही आपणच काढायचं.

ऑझी ऑस्बॉर्नने १९९२ मध्ये ‘नो मोअर टूर्स’ जाहीर केलं. तीन वर्षांत परत आला. परतीच्या दौऱ्याच्या नावातच निवृत्तीला शिवी होती. २०१८ मध्ये ‘नो मोअर टूर्स २’. अखेर ५ जुलै २०२५ ला आपल्या जन्मगावी, बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर, सिंहासनात बसून गायला. पार्किन्सनने पाय काढून घेतले होते. २२ जुलैला गेला. निरोपाचा शब्द पाळणारा हा एक निघाला. किंमत जरा जास्तच पडली.

कोणाचं वय काढू नये, हे मान्य. पण वय आधी काढलं कोणी? १९६५ मध्ये ‘माय जनरेशन’मधून थोरामोठ्यांची टर उडवली ती ‘द हू’नेच. गाणं लिहिणारा पीट टाउनशेंड तेव्हा विशीत होता. २०२५ मध्ये ऐंशी पूर्ण. ज्या पिढीची टर उडवली, ती बिचारी कधीच गेली. आता तिच्या जागेवर बसायला कोणी तरी हवंच ना?

आणि ‘रोलिंग स्टोन्स’? १९६२ पासूनचे बंडखोर. २०२४ च्या अमेरिका दौऱ्याला प्रायोजक कोण मिळाला? एएआरपी. पन्नाशीपुढच्यांच्या हितासाठी झटणारी संस्था. नावातला ‘आर’ मूळचा रिटायर्डचा. पेन्शनरांच्या वर्गणीवर चाललेलं बंड जगाने प्रथमच पाहिलं.

‘एसी/डीसी’चा अँगस यंग शाळेच्या गणवेशात गिटार वाजवतो. टाय, टोपी, अर्धी चड्डी. जन्म १९५५ चा. सत्तरी आली, शाळा काही सुटेना. पण आपण हसू नये. पन्नाशी ओलांडलेल्या बालगंधर्वांच्या भामिनीवर जीव ओवाळून टाकणाऱ्या महाराष्ट्राने दुसऱ्याची चड्डी मोजू नये.

ख्यालगायक सत्तरीत गायला बसला, की आपण ‘मुरलाय’ म्हणतो. रॉकवाला सत्तरीत उभा राहिला, की ‘अजून?’ म्हणतो. अन्याय आहे. पण ख्यालवाल्याने विशीत ‘तिशीपुढच्यांवर विश्वास ठेवू नका’च्या घोषणांना कधी ठेका दिला नव्हता.

पैशासाठी करतात, असं म्हणून मोकळं व्हावं, तर तीही सोय नाही. बॉब डिलनने २०२० मध्ये आपल्या गाण्यांचे हक्क विकले, ब्रूस स्प्रिंगस्टीनने २०२१ मध्ये. बातम्यांत स्प्रिंगस्टीनचा आकडा होता पन्नास कोटी डॉलर. सात पिढ्या बसून खातील. तरी १९४१ चा डिलन १९८८ पासून जो फिरतोय, तो फिरतोच आहे. का?

घरी बसवत नाही, म्हणून. बँकेतून निवृत्त झालेला माणूस सोसायटीचा सेक्रेटरी होतो, तसंच. फरक इतकाच, की डिलनचं ऐकायला लोक स्वतःहून येतात.

‘स्टोन्स’च्या मिक जॅगरची २०१९ च्या एप्रिलमध्ये हृदयाची झडप बदलली. वय पंचाहत्तर. जूनमध्ये शिकागोच्या स्टेजवर. आपल्याकडे नुसती अँजिओग्राफी झालेला माणूस दोन महिने फोनसुद्धा दुसऱ्याला उचलायला लावतो.

तेव्हा गाणाऱ्यांचं सोडा. ऐकणाऱ्यांकडे वळू. खरी गंमत तिथं आहे.

‘ग्रेटफुल डेड’चे भक्त गावोगाव बँडच्या मागे फिरत. २०१५ मध्ये पन्नाशीनिमित्त निरोपाचे कार्यक्रम झाले. भक्त ढसाढसा रडले. रुमाल वाळायच्या आत, त्याच वर्षी, त्यांच्यातलेच काही जण ‘डेड अँड कंपनी’ होऊन उभे. २०२३ मध्ये यांचाही शेवटचा दौरा. २०२४ मध्ये लास वेगासला मुक्काम. वारकऱ्यांशी तुलना करायचा मोह होतो, आवरा. विठ्ठल ‘यंदाचं शेवटचं दर्शन’ अशी जाहिरात करत नाही.

स्प्रिंगस्टीन म्हणजे कामगारांचा कैवारी. २०२२ मध्ये त्याची तिकिटं विक्रीला आली, ती मागणीप्रमाणे भाव चढणारी. काही पाच हजार डॉलरपर्यंत गेली. १९८० पासून त्याच्या भक्तीला वाहिलेलं ‘बॅकस्ट्रीट्स’ नावाचं नियतकालिक होतं. ते चालवणाऱ्यांचं मनच उडालं आणि २०२३ मध्ये त्यांनी दुकान बंद केलं. पुजाऱ्यालाच देव परवडेना, तिथं कामगाराचं काय?

आता जवळचं बघू. १७ मे २०२५, महालक्ष्मी रेसकोर्स, ‘गन्स अँड रोझेस’. मी तिथं काय करत होतो? सदरासाठी निरीक्षण.

असं घरी सांगितलंय.

शेजारी पंचावन्नच्या आसपासचे एक गृहस्थ. काळा टीशर्ट पोटावर इतका ताणलेला, की छातीवरची कवटी गुटगुटीत झाली होती. गुडघ्याला बाशिंग बांधलेले पुष्कळ पाहिलेत; गुडघ्याला पट्टा बांधून रॉक ऐकायला आलेला प्रथमच पाहिला. खिशात वेदनाशामक स्प्रे. मारून झाला की मलाही पुढे करायचे. मी नाही म्हटलं.

पहिल्यांदा.

त्यांचं तारुण्य रंगभवनात गेलेलं. झेवियर्सशेजारचं ते उघडं नाट्यगृह, १९८६ पासूनचा ‘इंडिपेंडन्स रॉक’ महोत्सव, काळा घोड्याच्या ‘ऱ्हिदम हाउस’मध्ये कॅसेट चाळत काढलेल्या दुपारी. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमाने रंगभवन गप्प झालं, २०१६ मध्ये ‘ऱ्हिदम हाउस’ही मिटलं. हे सगळं ते मला ओरडून सांगत होते, कारण आता शांतता क्षेत्र त्यांच्या डाव्या कानात आहे.

ओळखीचं गाणं लागलं, की त्यांचा फोन वर. अनोळखी लागलं, की ते खाली बसायला जागा शोधणार. स्टेजवरचा अ‍ॅक्सल रोझ त्रेसष्टचा, आणि धावतोय. खालचा त्याच्याहून आठ वर्षांनी लहान, आणि खुर्ची शोधतोय.

म्हातारं नक्की कोण?

‘स्टोन्स’नी २०२३ मध्ये नव्या गाण्यांचा अल्बम काढला, अठरा वर्षांनी. ऐंशीच्या घरात माणसाला नवीन काही सुचतंय! आणि आपण? त्यांनी नवं गाणं सुरू केलं, की आपल्याला लघवीला लागते. आपल्याला गाणं नकोच असतं. विशीत ठेवलेली मुदत ठेव अजून शाबूत आहे ना, एवढं बघायला आपण खिडकीवर येतो. वर उभा असतो तो बिचारा कॅशियर. तो रिटायर कसा होणार?

‘किस’ने यावर तोडगा काढलाय. २ डिसेंबर २०२३ ला न्यूयॉर्कमध्ये शेवटचा कार्यक्रम संपवला आणि त्याच रात्री पडद्यावर आपले डिजिटल अवतार दाखवले. यापुढे कार्यक्रम त्यांचे, असं जाहीर केलं. त्यांना ना वय, ना मधुमेह, ना निरोप. आता प्रेक्षकांचे गुडघे तेवढे डिजिटल झाले, की झालं.

कार्यक्रम संपला. फाटकापर्यंतच्या गर्दीत गृहस्थ लंगडत होते. म्हणाले, “बास. हे आपलं शेवटचं. आता नाही झेपत.” चेहऱ्यावर खरोखरीचं वैराग्य. मलाही क्षणभर भरून आलं.

मग टॅक्सी मिळाली. आत बसता बसता त्यांनी हात हलवला आणि म्हणाले,

“बरं, येतो.”