गॅरेज टू गॅरेज

छत्रपती संभाजीनगरात पाहुणा म्हणून येणाऱ्याला दोन गोष्टी चुकत नाहीत. एक बीबी का मकबरा आणि दुसरे, वेरूळ-अजिंठ्याला कशाने जायचं हे सांगणारे काका. मकबऱ्याला निदान तिकीट आहे. काका फुकट असतात. सिडको असो, गारखेडा असो की उस्मानपुरा, प्रत्येक कॉलनीत असे एक काका सापडतातच. बँकेतून किंवा पाटबंधारे खात्यातून निवृत्त, सकाळी फिरायला निघताना कानटोपी, खिशात घडी घातलेला कागद. कागदावर किराण्याची यादी असेल असं वाटतं. नसते. त्यावर भागाकार असतो.

लेण्यांबद्दल काकांना विचारू नये. कैलास लेणं राष्ट्रकूट राजा पहिल्या कृष्णाच्या काळातलं, कळसापासून खाली कोरत आणलेलं, हे त्यांना शाळेपासून ठाऊक आहे. पण पाहुण्यांना सांगताना ते ‘30 किलोमीटर, जाऊन-येऊन 60’ एवढंच सांगतात. दौलताबादचंही तसंच. 1327 साली मुहम्मद तुघलकाने राजधानी दिल्लीहून देवगिरीला आणली, त्यावर इतिहासकार काय म्हणतात ते म्हणोत, काकांचा आक्षेप वेगळा आहे. “एवढी माणसं हलवायची, तर गाडी किलोमीटरवर करायची की ट्रिपवर, हे आधी बोलून घ्यायला नको? मग फसला.”

त्यांच्या मोबाइलमध्ये माणसांची नावं नाहीत, गाड्यांची आहेत. ‘इर्टिगा उस्मानपुरा’, ‘क्रिस्टा महाग’, ‘डिझायर फोन उचलत नाही’. पाहुण्यांचा फोन आला की काका चष्मा लावून व्हरांड्यात बसतात आणि एकेकाला फोन लावतात. पलीकडून ठरलेलं उत्तर येतं, “काका, 8 घंटे 80 किलोमीटर. उसके ऊपर गया तो पर किलोमीटर. गॅरेज टू गॅरेज.” शहराजवळच्या फिरण्याला हा हिशेब. लांब जायचं तर दिवसाला किमान 300 किलोमीटर धरतात, तुम्ही तेवढे फिरा किंवा फिरू नका. वर ड्रायव्हरचा भत्ता, टोल, पार्किंग वेगळं.

‘गॅरेज टू गॅरेज’ म्हणजे मीटर तुमच्या दारातून नव्हे, गाडीमालकाच्या दारातून सुरू होतो आणि तिथेच परत जाऊन थांबतो. म्हणून काकांचा पहिला प्रश्न गाडी कोणती हा नसतो, गॅरेज कुठे हा असतो. गॅरेज वाळूजला आणि घर सिडकोत, म्हणजे 80 मधले तीसेक किलोमीटर पाहुण्यांनी गाडीचं तोंडही न पाहता संपले. एसी चालतो का, टायर बरे आहेत का, हे नंतर. काही जण पांढऱ्या पाटीची खासगी गाडी स्वस्तात देतात. ती भाड्याने चालवणं नियमात बसत नाही, आणि रस्त्यात कुणी अडवलं की पुण्याच्या पाहुण्यांना फुलंब्रीच्या ड्रायव्हरचे मावसभाऊ व्हावं लागतं. इथे काका तत्त्वाचे पक्के. पिवळीच पाटी.

एवढे फोन झाल्यावर माणूस गाडी ठरवेल असं वाटतं. काका फोन ठेवतात आणि म्हणतात, “कशाला पैसे घालवायलात? एसटीने जाऊ.”

एसटीवर काकांचं प्रेम जुनं. पण अलीकडे सवलतींमुळे त्याला गणिताचा आधार मिळाला आहे. ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास मोफत, मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट, 65 ते 75 वयाच्यांना आधीपासूनच अर्धं. त्यामुळे दारात उभं असलेलं कुटुंब काकांना कुटुंब दिसतच नाही, दरपत्रक दिसतं. गेल्या दिवाळीत त्यांचे साडू सहाजणांना घेऊन आले. काकांनी चहा यायच्या आत कागद काढला. आजी 76, शून्य. आजोबा 71, अर्धं. मेहुणी अर्धी, तिची नणंद अर्धी, अकरा वर्षांचा मुलगा अर्धा, धाकटी चार वर्षांची म्हणून शून्य. पूर्ण तिकीट एकट्या साडूंना. “सात माणसं, तीन तिकिटं!” असं म्हणून त्यांनी साडूंकडे असं पाहिलं, जणू घरातला एवढा एकच माणूस खर्चिक निघाला.

तेवढ्यात आजींचं आधार कार्ड पुण्यातच राहिल्याचं कळलं. काकांना खरंच वाईट वाटलं. मग त्यांनी आजींना ज्येष्ठांतून काढून महिलांत घातलं आणि बेरीज साडेतीन केली.

काकू आतून म्हणाल्या, “साडेतीन तिकिटं आणि एक सीट. मागच्या खेपेला सिल्लोडपासून उभी आले मी.”

काकूंच्या एका वाक्यापुढे काकांचा अख्खा कागद टिकत नाही, हे मी अनेकदा पाहिलं आहे. पण ते खचत नाहीत. एसटी गेली की काळी-पिवळी. खुलताबाद, फुलंब्रीकडे जाणाऱ्या या जीपचं वेळापत्रक अगदी सोपं, भरली की निघते. भरली म्हणजे किती, याचं उत्तर अजून कोणाला मिळालेलं नाही.

मध्यंतरी मुलाने काका-काकूंना थायलंड दाखवलं. चियांग माईहून डोंगरातल्या पाई गावाला भाड्याची गाडी स्वतः चालवत जाऊ, असा मुलाचा बेत होता. तिथेही वाहनं आपल्यासारखी डावीकडूनच चालतात, आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवानाही काढून झाला होता. काकांनी रस्त्याची चौकशी केली. 762 वळणं. हा आकडा तिकडे टी-शर्टवर छापून विकतात. एरवी पर्यटक तो ऐकून चकित होतात, काकांनी विचारलं, “जाताना 762 की जाऊन-येऊन?” जाताना, असं कळल्यावर त्यांनी दुप्पट केली. “म्हणजे 1524. इंधन आपलं, डिपॉझिट त्याच्याकडे आणि वळणंही आपणच घ्यायची?” सगळे मिनीव्हॅनने गेले. पण काकांचं मन रमलं ते चियांग माईच्या लाल सोंगथावमध्ये. मागे समोरासमोर दोन बाकडी, हात केला की थांबते. काका चढले, गुडघे आवरून बसले आणि आजूबाजूच्या परदेशी पोरांना मराठीतून म्हणाले, “ही तर आपली काळी-पिवळी. फक्त टपावर कोणी नाही.” थायलंडबद्दल त्यांचं मत तेव्हापासून चांगलं आहे.

तर साडूंचं काय झालं? काकूंच्या मतामुळे गाडी झाली. पहिला दिवस वेरूळचा, तो बरा गेला. दौलताबादच्या जुन्या वेशीत एक ट्रक अडकल्यामुळे अर्धा तास गाडी जागची हलली नाही. साडू वैतागले, काका मात्र, थांबलेल्या गाडीचे किलोमीटर पडत नाहीत पण तास पडतात, हे त्यांना समजावत होते. खुलताबादला भद्रा मारुती, वेरूळला घृष्णेश्वर आणि कैलास झालं. 30 ते 34 क्रमांकांची जैन लेणी कैलासापासून बरीच बाजूला आहेत, तीही केवळ ‘गाडी आहेच’ म्हणून बघून झाली. परतताना सीताफळं घेतली. शेवटचा अर्धा तास काका घड्याळ आणि मीटर आळीपाळीने बघत होते, आणि 79 व्या किलोमीटरला गाडी गॅरेजात शिरली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो कैलासासमोर नव्हता.

दुसरा दिवस अजिंठ्याचा. शहरापासून अजिंठा शंभरेक किलोमीटर. सिल्लोड, गोळेगाव करत घाट उतरायचा. पण गाडी थेट लेण्यांपर्यंत जात नाही. फर्दापूरच्या टी-पॉइंटवर ती उभी करायची आणि पुढचे चार किलोमीटर एसटीच्या बसने जायचं. इर्टिगावाला असो की क्रिस्टावाला, सगळ्यांना एकाच रांगेत. काका हे साडूंना आधी बोलले नव्हते. बस आली, सगळे चढले, कंडक्टर आला आणि काका समाधानाने म्हणाले, “बसलात ना शेवटी एसटीत?”

लेणी छान झाली. साडू म्हणाले, आता घरी. इथे काकांनी कागद काढला. जाऊन-येऊन होतात दोनशेच्या आसपास. पैसे द्यायचेत 300 चे. शंभर किलोमीटर असे सोडून द्यायचे? माणूस एक वेळ पानातली भाजी टाकेल. मग त्यांनी मनातल्या मनात जिल्हा चाळला आणि पैठण काढलं. शहरापासून पन्नासेक किलोमीटर, पण अजिंठ्याच्या बरोबर उलट्या दिशेला.

त्या रात्री गाडी जायकवाडीच्या धरणाजवळ उभी होती. नाथसागर समोर होता, असं काका म्हणाले. 1965 साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली, 1976 साली इंदिरा गांधींनी धरणाचं उद्घाटन केलं, हेही त्यांनी सांगितलं. अंधारात दिसत काहीच नव्हतं. ज्ञानेश्वर उद्यानाच्या वेळा केव्हाच उलटल्या होत्या. धाकटी झोपली होती, आजी गाडीतून उतरल्याच नाहीत. ड्रायव्हरने मीटर वाचून दाखवला, घरी पोहोचेपर्यंत 308 होतील. वरच्या आठ किलोमीटरचे पैसे काकांनी स्वतःच्या खिशातून दिले. ते कंजूष नाहीत, हा मुद्दा लोकांच्या लक्षात येत नाही. त्यांना पैसे वाचवायचे नसतातच, त्यांना जिंकायचं असतं.

एरवी त्यांच्या सल्ल्यात दम आहे, हे मान्य करायला हवं. वेरूळच्या वाटेला दौलताबाद, खुलताबाद, घृष्णेश्वर अशी ठिकाणं एका दोऱ्यात आहेत. प्रत्येक ठिकाणी उतरून पुढच्या बसची वाट बघण्यात दिवस जातो. तिथे गाडीच करावी. दोघं-तिघंच असाल तर अजिंठ्याला मात्र सकाळी लवकर मध्यवर्ती बसस्थानकावरून जळगावकडे जाणारी एसटी पकडावी आणि फर्दापूरच्या टी-पॉइंटवर उतरावं. तुमच्या आधी निघालेली क्रिस्टाही तिथेच उभी दिसेल. आणि गाडी, एसटी, काळी-पिवळी काहीही ठरवा, काकांना फोन लावण्याआधी कॅलेंडर बघा. अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात, वेरूळची मंगळवारी.