दहा नवांचा पेशंट

आमची सरकारी रुग्णालयं कागदमुक्त झाली. केसपेपर आता संगणकातून निघतो. मग त्याची प्रिंट निघते, प्रिंटवर शिक्का बसतो आणि डॉक्टर प्रिंटच्या पाठीवर पेनाने औषधं लिहितात.

असो. आमचं लक्ष गेलंय ते एकाच रकान्याकडे. मोबाइल क्रमांक. त्यापुढे लाल चांदणी आहे. रकाना भरल्याशिवाय पुढचं पान उघडणार नाही, मग रांगेत कुणी चक्कर येऊन पडलं तरी बेहत्तर. आता रांगेतल्या आजींकडे कुठला मोबाइल? घरात आहे तो नातवाकडे आणि नातू चाकणला, पहिल्या पाळीला. नंबर आजींना पाठ नाही. मागे शंभरेक माणसं खोकतायत, भांडतायत. खिडकीतला कारकून शांतपणे नऊचं बटण दहा वेळा दाबतो. यंत्र समाधान पावतं.

अशा रीतीने वैद्यकशास्त्राच्या इतिहासात बसणार नाही असा एक पेशंट जन्माला आलाय. सोमवारी त्याचा मोतीबिंदू काढतात. मंगळवारी तो बाळंत होतो, जुळं असतं. बुधवारी प्रोस्टेट दाखवायला येतो, गुरुवारी त्याला गोवराची लस टोचतात, शुक्रवारी शवविच्छेदन होतं आणि शनिवारी तो गुडघ्याच्या व्यायामाला हजर. यंत्र बिचारं इमानदार, दर वेळी त्याला संदेश धाडतं: आपली सोनोग्राफी उद्या अकरा वाजता, उपाशीपोटी या. तो येत नाही. मग ‘पाठपुराव्यास गैरहजर’ अशी त्याच्या नावावर नोंद होते. इकडे आढावा बैठकीत पडद्यावर हिरवा तक्ता झळकतो. मोबाइल नोंदणी, शंभर टक्के. टाळ्या.

मूळ कल्पनेला आमचं नाव ठेवणं नाही. २०२१ मध्ये देशभर जाहीर झालेला तो १४ आकडी आरोग्य ओळख क्रमांक, म्हणजे आताचा ‘आभा’, घ्या. आजींचा जुना ईसीजी त्यांच्या संमतीने परगावच्या डॉक्टरलाही दिसावा, यात वाईट काय? पण संमतीचा ओटीपी जायचा मोबाइलवर. म्हणजे पुन्हा चाकण.

आणि हे सगळं अडलं कशामुळे, तर म्हणे ‘कर्मचाऱ्यांच्या मानसिकतेमुळे’! हा शब्द ऐकला की आमचं डोकं फिरतं. रात्रपाळी करून उतरलेल्या सिस्टरला घरी न सोडता दोन तास प्रशिक्षणाला बसवायचं. तिथे एक स्क्रीन दाखवायचा आणि वॉर्डात भलताच आणून ठेवायचा. जुनं रजिस्टर बंद करायचं नाही, कारण ऑडिटवाले तेच मागतात. इंजेक्शन टोचायचं एकदा आणि लिहायचं तीनदा: केसपेपरवर, रजिस्टरात, संगणकात. नेट गेलं की चौथ्यांदा, कच्च्या कागदावर, ‘नंतर भरा’ म्हणून. पेशंट बघायचा कधी? तर वर तिलाच ऐकवायचं की तुम्हाला बदल नको असतो. अहो, मानसिकता तपासायचीच असेल तर ज्यांनी गार खोलीत बसून ती लाल चांदणी लावली आणि एक सकाळ त्या खिडकीमागे काढली नाही, त्यांची तपासा.

नवी निविदा नको, बदल-व्यवस्थापनावरची कार्यशाळा तर मुळीच नको. ती चांदणी काढा, ‘मोबाइल नाही’ असा एक पर्याय तिथे द्या आणि पुढचा रकाना वाढवण्याआधी खिडकीतल्या त्या कारकुनाला विचारा. त्याचा नंबर तरी तुमच्याकडे असेलच.