गॅरेजात तयार होणारं गिऱ्हाईक

हौशी सुतारकामाचा हिशेब मांडणं म्हणजे लग्नाच्या एकूण खर्चाला उठलेल्या पानांनी भागून एका जिलबीची किंमत काढणं. उत्तर येतं, पण घरात कुणाला सांगता येत नाही. साधं एक स्टूल करायचं तर करवत हवी, रंधा हवा, दोन-तीन मापांच्या पटाश्या हव्यात, त्यांना धार लावायला दगड हवा, आणि क्लॅम्प तर जेवढे असतील त्याहून दोन जास्त हवेतच. एवढं जमेपर्यंत गॅरेजमधली गाडी रस्त्यावर आलेली असते आणि स्टुलाची गरजही उरलेली नसते, कारण माळ्यावरचा जो डबा काढायला ते हवं होतं तो मधल्या काळात कुणीतरी प्लास्टिकच्या स्टुलावर चढून काढलेला असतो. या छंदाचे वकील इथेच घसरतात. स्टूल किती मजबूत झालंय, असं बाजारात मिळत नाही, वगैरे सांगू लागतात. मिळतं की! याहून चांगलं, आणि चारही पाय सारख्या उंचीचे असलेलं मिळतं. माझं म्हणणं असं, की या घरगुती कारखान्याचा माल म्हणून फर्निचरकडे पाहूच नये. तिथे तयार होतं ते गिऱ्हाईक. सुताराशी कसं वागावं हे ज्याला कळतं असं गिऱ्हाईक फार दुर्मीळ आहे, आणि ते घडवण्याचा याहून खात्रीचा कारखाना मला तरी ठाऊक नाही.

पुरावा म्हणून आठ बाय चारचं प्लायवुड घ्या. आठ फूट लांबीतून एकेक फुटाच्या आठ फळ्या निघाव्यात, हे चौथीतलं पोरही सांगेल. पण आठ फळ्यांना सात काप लागतात, आणि यंत्राच्या करवतीचं पातं दर कापाला साधारण तीन मिलिमीटर लाकूड खातं. सात त्रिक एकवीस. शेवटची फळी पाऊण इंचाहून जास्त आखूड भरते, आणि हरवलेले एकवीस मिलिमीटर भुसा होऊन जमिनीवर, भुवयांवर आणि चहाच्या कपात सापडतात. ज्याने जन्मात करवत धरली नाही तो गृहस्थ मिस्त्रींना विचारतो, "चार शीट म्हणाला होतात, आता पाचवं कशाला?" त्या प्रश्नाच्या पोटात 'चौथं कुणाच्या घरी गेलं?' हा दुसरा प्रश्न असतो आणि तो मिस्त्रींना नीट ऐकू जातो. गॅरेजवाल्याच्या तोंडून हे निघत नाही. त्याने तो भुसा स्वतः झाडलेला असतो.

तीच गोष्ट 'उद्या'ची. सुतारांच्या आणि शिंप्यांच्या 'उद्या'वर आपण पिढ्यान्‌पिढ्या हसत आलो आहोत. आता नुसता फेव्हिकॉल घ्या. १९५९ साली तो बाजारात आला, त्याआधी कातडी आणि हाडं उकळून केलेला सरस गरम करत बसावं लागे. त्या मानाने आता चैनच आहे. तरी चिकटवलेला सांधा अर्धा-एक तास क्लॅम्पमध्ये आवळून ठेवावा लागतो आणि त्यात पुरती ताकद यायला दिवसभर जातो. पॉलिशचा एक हात वाळल्याशिवाय दुसरा मारता येत नाही. घाई केली तर लाकूड तिथल्या तिथे बोंब मारत नाही, चार महिन्यांनी पाहुणा बसल्यावर मारतं. थोडक्यात, लाकूड, खिळे, सरस यांच्यासारखाच 'उद्या' हा या धंद्यातला कच्चा माल आहे. सगळेच 'उद्या' सरसाचे नसतात, काही दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या घरी अडकलेले असतात, हे कबूल. पण कुठला 'उद्या' खरा आणि कुठला थापेचा, हे ओळखायला एकदा स्वतः सांधा चिकटवून त्याच्याकडे बघत बसावं लागतं.

आणि लाकूड! ते मेलेलं असतं ही आपली शहरी समजूत. पावसाळ्यात हवेतलं पाणी पिऊन ते फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं. लांबीत जवळजवळ नाहीच, रुंदीत मात्र चांगलंच. म्हणून जाणता सुतार पॅनेलच्या दारातली मधली फळी चौकटीच्या खाचेत नुसती सरकवतो, चिकटवत नाही. तिला हलायला जागा ठेवतो. अननुभवी हौशी माणूस 'पक्कं' व्हावं म्हणून चारही बाजूंनी सरस ओततो आणि मग फळी भर दुपारी फटाक्यासारखी तडकते. एवढा एक आवाज ऐकलेला माणूस पुन्हा कधी जुलै महिन्यात अडकणाऱ्या दाराबद्दल मिस्त्रींना फोन करून "काय हो, हे काय काम केलंत?" असं म्हणणार नाही. तो दिवाळीपर्यंत थांबेल. डुगडुगणाऱ्या चौरंगाचंही तसंच. तीन पाय कसल्याही जमिनीवर टेकतात, चौथा पाय आला की भांडण लागतं. जाणता सुतार आधी चौरंग थोडा फिरवून बघतो, कारण दोष निम्म्या वेळा फरशीचाच असतो. हौशी माणूस थेट करवत काढतो. एक पाय सूतभर कापतो, मग समोरचा, मग पहिला पुन्हा, आणि संध्याकाळपर्यंत घरात चौरंगाऐवजी पाट आलेला असतो. त्यावर बसून जेवता येतं, हा फायदाच म्हणायचा.

ही कल्पना काही माझी एकट्याची नाही. स्वीडनमध्ये गोथेनबर्गजवळ नेस इथे ऑटो सालोमन याने १८७०च्या दशकात लाकूडकामातून शिकवण्याची 'स्लॉइड' पद्धत रुजवली. मुलं घरोपयोगी वस्तू करत, पण त्यांना सुतार बनवणं हा हेतूच नव्हता. अंगमेहनतीच्या प्रामाणिक कामाबद्दल आदर वाटावा, हे उद्दिष्ट त्याने उघड मांडलं होतं. आपल्याकडे १९३७ साली वर्ध्याला नई तालीमची मांडणी झाली आणि झाकीर हुसेन समितीने मूलोद्योगांच्या यादीत सुतारकामही घातलं. मुलांनी केलेल्या मालाच्या विक्रीतून शिक्षकांचा पगार निघावा ही गांधीजींची अपेक्षा मात्र वादात सापडली. कुठल्याही गॅरेजवाल्याने पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, की बापू, पगार सोडा, पॉलिश पेपरचे पैसेही निघायचे नाहीत. अपवाद एकच आठवतो. जिमी कार्टर १९८१ साली व्हाइट हाउसमधून बाहेर पडले तेव्हा सहकाऱ्यांनी त्यांना सुतारकामाची हत्यारं भेट दिली. जॉर्जियातल्या प्लेन्स गावी घरच्या गॅरेजमधल्या कार्यशाळेत त्यांनी पुढे कितीतरी खुर्च्या, कपाटं, टेबलं केली आणि त्यांच्या संस्थेसाठी झालेल्या लिलावांत त्यातल्या काहींना लाखो डॉलर मिळाले. तेव्हा या छंदातून पैसा निघतो. फक्त आधी राष्ट्राध्यक्ष व्हावं लागतं.

आता आक्षेप. सगळ्यात टोकदार आक्षेप मानसशास्त्राचा आहे. मायकेल नॉर्टन, डॅनियल मोचॉन आणि डॅन एरिअली यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या 'आयकिया इफेक्ट'च्या प्रयोगांत लोकांनी स्वतः घडी घातलेल्या कागदी बेडकांना आणि बगळ्यांना जवळजवळ तज्ज्ञाच्या कामाइतकी किंमत लावली. म्हणजे हाताने काम केलं की माणूस नम्र होत नाही, उलट फुगतो, आणि मग मिस्त्रींनाच धडे देऊ लागतो. आक्षेप खरा आहे. 'हे मी स्वतः केलंय' असं न सांगता पाहुण्याला स्टुलावर बसू देणारा हौशी सुतार अजून जन्माला यायचा आहे. पण त्याच प्रयोगांत असंही दिसलं, की वस्तू अर्धवट राहिली किंवा जोडून पुन्हा मोडली, तर ही माया उडून जाते. आणि इथे आपला गॅरेजवाला अगदी सुरक्षित आहे. त्याचं काहीच पुरं होत नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त टोचतो. कुणाचा पिढीजात पोटापाण्याचा उद्योग आपण शनिवारची करमणूक म्हणून करायचा, यात कुठेतरी मस्ती नाही का? आहे, थोडी आहे. पण गावगाड्यातला सुतार बलुतेदार होता तेव्हाची एक गोष्ट लक्षात घ्या. त्याला वर्षाचं बलुतं धान्यात मिळे, ते किती आणि केव्हा यावरून मानहानीही पुष्कळ होई, त्या व्यवस्थेचे गोडवे गायचं कारण नाही. मात्र त्याचं काम उघड्यावर चाले. नांगराला वाकस कसा चालतो, किती ढलप्या उडतात, घाम कुठून निथळतो, हे अख्खं गाव येता-जाता बघे. फ्लॅटमध्ये आपण किल्ली मिस्त्रींच्या हाती देऊन ऑफिसला जातो आणि संध्याकाळी फक्त कपाट आणि बिल बघतो. न पाहिलेल्या घामाची घासाघीस करायला जीभ सैल सुटते. गॅरेज, किंवा इकडच्या मापाने पार्किंगचा कोपरा, गच्ची, पडवी, ही एकच जागा उरलीय जिथे तो घाम पुन्हा दिसतो, आणि तोही स्वतःचा. शेजाऱ्यांना भुसा आणि आवाज सहन करावा लागतो हे खरं; त्यावर मास्क, बंद दार आणि दुपारच्या झोपेच्या वेळी फक्त हाताची कामं, एवढाच इलाज आहे.

असा माणूस स्वयंपाकघराच्या कपाटांसाठी मिस्त्रींना बोलावतो तेव्हा बघावं. पेन्सिल कानामागे खोचून मिस्त्री सुतात माप घेतात, पाच शीट सांगतात, दहा दिवस सांगतात. हा मान डोलावतो, चहा सांगतो, आगाऊ पैसे मोजतो. भाव करत नाही. फक्त मिस्त्री हात धुवायला मागच्या बाजूला निघाले की लगबगीने पुढे होऊन गॅरेजचं शटर खाली ओढून घेतो.