असू द्या, लागंल कधीतरी

बारामतीच्या भिगवण चौकात चहा सांगताना आलं, वेलची की गवती चहा असा प्रश्न आला, की असूद्यारावांचं उत्तर ठरलेलं असतं: "सगळंच टाका." शिक्षण बारामतीत, नोकरी पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपनीत, आणि लॉकडाउनपासून काम घरूनच. या जातीचा एक तरी गडी हल्ली प्रत्येक टीममध्ये सापडतो. तो कामाला वाघ असतो, पण नको म्हणायची त्याला लाज वाटते.

रस्ट भाषेत लायब्ररी जोडताना तिची ऐच्छिक फीचर्स हवी तेवढीच घेता येतात. ही सोय राव वापरतात, पण उलट्या बाजूनं. यादी दिसली की सगळं चालू. "असू द्या, लागंल कधीतरी."

त्यांच्या सढळ हाताचा त्रास त्यांना स्वतःला कधीच होत नाही, आणि खरी गोम इथंच आहे.

त्याच प्रकल्पावर इंदापूरहून काम करणाऱ्या ताई प्रत्येक ओळीपुढं 'डिफॉल्ट-फीचर्स फॉल्स' लिहिणाऱ्या. त्यांच्याकडं दूध संकलनाच्या बिलांचं काम. बिल जेसनमध्ये मांडायचं आणि त्या मजकुरावर डिजिटल सही करायची. 'सर्डे जेसन' ही लायब्ररी एरवी मॅपमधली नावं वर्णक्रमानं लावते, आणि त्यांची सही त्याच क्रमावर बसलेली. इकडं रावांना अहवालात रकाने लिहिले त्याच क्रमानं हवे होते, म्हणून त्यांनी 'प्रिझर्व्ह ऑर्डर' चालू केलं. गरज खरीच होती. सोबत आणखी दोन-तीन फीचर्स मात्र उगाच.

ताईंनी आपलं पॅकेज एकटं चालवलं, तर सगळ्या चाचण्या पास. सगळा प्रकल्प एकत्र चालवला, तर सही जुळेना. त्यांनी एका ओळीलाही हात लावला नव्हता! कारण रस्टचं बांधणीचं साधन कार्गो ती लायब्ररी एकदाच बांधतं, आणि प्रत्येकानं मागितलेल्या फीचर्सची बेरीज करून सगळ्यांना तीच देतं. तुम्ही डिफॉल्ट नको म्हणा, शेजाऱ्यानं हवं म्हटलं की तुमच्याकडंही आलंच.

"माझ्याकडं तर चालतंय की, ताई."

"चालणारच, दादा. चालू तुम्हीच केलंय."

नीरा डाव्या कालव्यावर बारामती वरच्या अंगाला आणि इंदापूर टेलला. वरच्यानं दारं जास्त उघडलं की खालच्याचं पाणी तुटतं, म्हणून तिथं आवर्तनं आणि शेजपाळी आली. कार्गोत भांडण उफराटं: वरच्यानं दारं उघडलं की खालच्याच्या रानात न मागता पाणी. आणि बंद करायला पाटकरी नाही.

कार्गोचं मार्गदर्शन सांगतं की फीचर्स भर घालणारी असावीत, एकमेकांना छेद देणारी नकोत. पण सगळ्याच लायब्रऱ्या तशा वागत नाहीत. 'एसक्यूएलएक्स' या डेटाबेस लायब्ररीच्या जुन्या आवृत्त्यांत दोन वेगवेगळे रनटाइम चालू केले, की बिल्ड तिथंच थांबे. हा प्रकार तरी बरा, निदान ओरडतो. 'प्रिझर्व्ह ऑर्डर'सारखं गुपचूप वागणं बदलणारं फीचर जास्त छळतं. मार्च २०२१ मध्ये रस्ट १.५१ बरोबर कार्गोचा नवा फीचर रिझॉल्व्हर आला. त्यानं बिल्डच्या वेळी लागणाऱ्या आणि प्रत्यक्ष प्रोग्राममध्ये जाणाऱ्या लायब्रऱ्यांची फीचर्स वेगळी ठेवली. राव खूश झाले. पण त्यांचा आणि ताईंचा वाद प्रोग्रामच्या आतलाच, त्यामुळं तो होता तिथंच राहिला.

शेवटी ताईंनी 'कार्गो ट्री -ई फीचर्स' चालवून मागणी कुणाची ते शोधलं, रावांना स्क्रीनशॉट पाठवला, आणि सहीपूर्वी नावं स्वतःच क्रमानं लावणारा कोड लिहिला. आता कुणी काहीही चालू करो.

रावांनी तो कोड वाचला, मनापासून वाखाणला आणि खाली शेरा मारला: "ताई, झकास. हे पण फीचर करून टाका की, मी लगेच चालू करतो."